देखभाल चालू आहे

१

त्या शुश्रूषागृहात मी महिन्यातून एकदा जायचे आणि एका फेरीत दोन कामं उरकायचे. एक नोकरीचं, एक घरचं. नोकरीचं काम तळमजल्यावर, चादरी-अभ्रे ठेवायच्या खोलीशेजारच्या फडताळाएवढ्या जागेत. घरचं काम पहिल्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, शेवटून दुसऱ्या खोलीत. तिथे माझी आत्या होती. आई गेल्यानंतर मला वाढवलं ते तिनेच. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगाला खिळली होती, पण जीभ शाबूत होती. मी दिसले की म्हणायची, "आली का वैद्यीण? आधी तुझे ते दोन पेशंट बघून ये, मग मला बघ."

दोन पेशंट म्हणजे दोन सर्व्हर. तिथे प्रत्येक पलंगाशी आणि न्हाणीत वायरला लोंबणारं एक बटण होतं. ते दाबलं की दारावरचा दिवा लागायचा आणि मदतनिसांच्या खोलीत बेल वाजायची. हे सगळं चालवणारा प्रोग्रॅम दोन्ही सर्व्हरवर बसवलेला. प्रत्यक्ष काम एकच करायचा. दुसरा नुसता पहिल्याची नाडी धरून बसायचा आणि ती चुकली की त्याचं काम उचलायचा. तिथले लोक त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत.

दुरुस्तीच्या वेळी थोरल्याला नुसतं बंद करून भागत नाही. धाकट्याला वाटतं, भाऊ गेला, आणि तो तडक कामावर हजर होतो. म्हणून आधी दोघांना मेंटेनन्सला टाकायचं. म्हणजे त्यांना सांगायचं, की आता काहीही झालं तरी कुणी कुणाची जागा घ्यायची नाही आणि बोंब मारायची नाही. मग प्रोग्रॅम थांबवायचा. माझ्या लॅपटॉपवर आणि पॅसेजमधल्या पाटीवर हिरवी अक्षरं यायची: देखभाल चालू आहे. तेवढा वेळ इमारतीतली एकही बेल वाजत नसे. म्हणून नियम असा, की तेवढा वेळ प्रत्येक मजल्यावर एक मदतनीस पायी फिरेल आणि दार उघडून प्रत्येकाला बघेल.

त्या दुपारी मी दोघांना मेंटेनन्सला टाकलं, नवा प्रोग्रॅम चढवायला लावला आणि लॅपटॉप काखोटीला मारून वर आत्याकडे निघाले. जेवणं झालेली. पॅसेजमध्ये फिनेलचा वास होता. दारं लोटलेली, आतून घोरण्याचे आवाज.

शेवटच्या खोलीच्या दारावरचा दिवा लागला होता.

ती खोली रिकामी होती. तिथल्या शिवणबाई काही आठवड्यांपूर्वी वारल्या होत्या. मी पाटीकडे पाहिलं. देखभाल चालू आहे. म्हणजे दिवा लावणाराच जागेवर नव्हता, आणि दिवा लागला होता.

मी तिथे पोचेपर्यंत तो विझला.

२

माझा धंदाच असा आहे, की आधी तार तपासायची आणि मग तोंड उघडायचं. वायरमध्ये उरलेला थोडा प्रवाह असेल. जुन्या इमारतीत ओल उतरते, ओल जोडण्यांत शिरते आणि दिवे वेडे होतात. मी स्टूल मागवलं, दिवा काढून खिशात टाकला आणि होल्डरला चिकटपट्टी लावली.

पुढच्या महिन्यात मी आत्याच्या पलंगाशी बसून प्रोग्रॅम चढताना बघत होते, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला.

टक्.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. बटण दाबलं की प्लास्टिकच्या आतला पातळ पत्रा वाकतो आणि परत सरळ होतो. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. मग भराभर, कुणाला तरी राग यावा तसं.

आत्या डोळे मिटून पडली होती. मी फिरतीवर असलेल्या मावशींकडून किल्ली घेतली. या मावशी त्या मजल्यावरच्या सगळ्यांत जुन्या मदतनीस, हाडापेराने दणकट, दिवसभर उभ्या राहून पाय सुजलेले. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "तिथे कुणी नाही हो. मी तर फेरीत ते दार उघडतही नाही."

खोलीत लोखंडी पलंग होता. त्यावर गादी मधोमध दुमडून ठेवलेली. भिंतीवर कॅलेंडरच्या आकाराचा पांढरा चौकोन. बटणाची वायर व्यवस्थित गुंडाळून खुंटीला अडकवलेली. मी श्वास धरून उभी राहिले. काही नाही. बटण हातात घेतलं, तर ते कोमट होतं, कुणीतरी मुठीत धरून आत्ताच खाली ठेवल्यासारखं. ऊन लागलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडत होती. तिथे ऊन कधीच येत नसणार.

मी परत आले तेव्हा आत्याचे डोळे उघडे होते.

"सापडलं काही?"

"नाही."

"नाहीच सापडायचं. तुझं ते मेंटेनन्स उठव, बंद होईल."

मी काम संपवून मेंटेनन्स उठवलं. पाटीवरची अक्षरं बदलली, आणि भिंतीपलीकडे पुन्हा काही वाजलं नाही.

३

"मेंटेनन्स हा शब्द तुला कुठून माहीत?" मी विचारलं.

"इथे सगळ्यांना माहीत आहे. ती पाटी हिरवी झाली की आम्ही समजतो, बटणं मेली."

"पण मी महिन्यातून एकदाच येते."

"तू एकदा येतेस. पाटी काही तुझी वाट बघत नाही." आत्याने उशी वर करायला सांगितली. मी केली. "माणसं कमी असली की दुपारी जेवणानंतर ताई बटणं मारून टाकतात. म्हणजे रोजच म्हण. पोरी तासभर पाय वर करून पडतात. चहाच्या वेळी पाटी परत पूर्वीसारखी."

ताई म्हणजे तिथल्या मेट्रनबाई. साठीला टेकलेल्या, इस्त्रीची साडी, केस कधी विस्कटलेले नाहीत. येणारे नातेवाईक त्यांच्या पाया पडायचे बाकी राहत, इतका त्यांचा लौकिक.

"आणि फेऱ्या?"

आत्या हसली. "फेऱ्या तू आलीस की."

मग तिने सांगितलं. सांगताना ती छताकडे बघत होती आणि आवाज अगदी सपाट होता.

शिवणबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवलेले, त्यामुळे जगात कुणाचंही काम त्यांना सरळ दिसायचं नाही. चादर तिरकी, पाणी कोमट, खिडकी उघडी. दिवसभर बटण. मदतनिसांच्या नाकी नऊ आलेले. पण त्या दुपारी त्यांना खरंच श्वास पुरत नव्हता.

"मला भिंतीतून ऐकू येत होतं," आत्या म्हणाली. "आधी जोरजोरात दाबत होती. मग थांबून थांबून. मीही माझं दाबलं. माझंही मेलेलं. मग ओरडले. इथे कुणी ओरडलं तर कोण बघतं? रोज कुणी ना कुणी ओरडतच असतं. आणि पोरींची खोली त्या टोकाला, दार लावलेलं. पुढे पुढे टक् असं पूर्ण वाजायचंही नाही. नुसतं ट... असं. बोटात जोर नसला की अर्धंच दाबलं जातं ना, तसं."

"मग?"

"मग चहा आला. ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, झोपेत गेल्या. शांतपणे."

"मला का नाही सांगितलंस? मी तुला त्याच दिवशी इथून हलवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. मला हलायचं नाही."

"का?"

"बघायचंय मला," आत्या म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

४

मी त्याच संध्याकाळी ताईंच्या ऑफिसात गेले. मी रागात होते, आणि रागात माणूस बडबडतं म्हणून वाटेत दोनदा थांबून गार पाणी प्याले.

त्यांनी काही नाकारलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका कोपऱ्यातलं चित्र दाखवलं. त्यावर बोट ठेवलं की दोन्ही सर्व्हर मेंटेनन्सला जायचे.

"तुमच्या आधी येणारे गृहस्थ होते, त्यांनी करून दिलं. मी आधी नुसता एक सर्व्हर बंद करून बघितला होता, तर दुसरा लगेच सुरू. बेल तशीच. त्यांना विचारलं, तर म्हणाले, असं नसतं करायचं ताई, दोघांना एकदम सांगावं लागतं." त्या शांतपणे बोलत होत्या. "तुम्ही मला राक्षसीण समजताय. समजा. पण या मजल्यावर दुपारी दोन मुली असतात. दोघी पहाटेपासून उभ्या. एकीला गेल्या महिन्यात पॅसेजमध्ये चक्कर आली. विश्वस्तांना मी माणसं मागून थकले. एका माणसाच्या कुरकुरीसाठी सगळ्यांनी मरायचं का?"

"त्या कुरकुर करत नव्हत्या. त्या मरत होत्या."

"ते त्या बेलवरून कळत नाही," ताई म्हणाल्या. "दोन्हीची बेल सारखीच वाजते."

मी म्हटलं, मी हे काढून टाकणार. त्या म्हणाल्या, काढा. मग चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाई खुशीत आहेत ना इथे? बाहेर रांग केवढी आहे, तुम्हाला कल्पना असेलच."

मी ते चित्र काढलं. दोन्ही सर्व्हरचे पासवर्ड बदलले. माझ्या साहेबांनाही कळवलं. साहेब म्हणाले, आपण बेल विकतो, ती कुणी कधी ऐकायची ते आपण ठरवत नाही.

उठताना मी ताईंना विचारलं, "शेवटच्या खोलीतून काही आवाज येतो, तुम्ही ऐकलात?"

त्यांचा हात चष्म्यावर थांबला. "रिकामी आहे ती खोली," त्या म्हणाल्या. त्यांनी ते जरा फारच लवकर म्हटलं.

५

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा ताई मला पाहून नेहमीसारख्या हसल्या. मीच त्यांना सांगितलं, की आज काम मोठं आहे, फेरीला माणूस हवं. त्यांनी मावशींना लावून दिलं. सगळं रीतसर होतं. मी दोघांना मेंटेनन्सला टाकलं, प्रोग्रॅम थांबवला, वर आले. जिन्यात मावशी भेटल्या. पहिल्या खोलीपासून सुरुवात करतेय म्हणाल्या.

आत्या त्या दिवशी जागी होती आणि प्रसन्न होती. तिने मला खुर्ची भिंतीजवळ घ्यायला सांगितली.

प्रोग्रॅम अर्ध्यावर आला असेल, तेव्हा सुरू झालं. टक्.

मी मान वर केली नाही. दोन महिन्यांत माझ्या डोक्याने त्या आवाजाला एक कोनाडा करून दिला होता. जुनी इमारत, वायर, ओल. टक्. टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. मग ट... असं अर्धवट.

माझी बोटं थांबली. असा अर्धा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. आत्याने फक्त सांगितला होता.

पलीकडे काहीतरी जड फरशीवरून घासत गेलं.

"आत्या, आत कोण आहे?"

"कोण असणार? रिकामी आहे ना ती खोली."

मी उठायला गेले, तर तिने माझं मनगट धरलं. चहाचा कप उचलताना जिचा हात थरथरायचा, त्या आत्याची ती पकड माझ्या हाडापर्यंत पोचली.

"थांब थोडं," ती म्हणाली. आवाजात विनवणी होती. लहानपणी ताप आल्यावर मला औषध पाजताना ती अशाच आवाजात बोलायची.

मी हात हिसडून सोडवला आणि पॅसेजमध्ये आले. शेवटचं दार अर्धवट उघडं होतं. किल्ली कुलपातच.

खोली बदलली होती. नवीन कुणी यायचं असावं, कारण गादी पसरली होती आणि तिच्यावर नवी चादर ताणून घातली होती. ताई पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत फरशीवर पडल्या होत्या. तोंडाची एक बाजू मेणासारखी खाली ओघळलेली. साडी गुडघ्यापर्यंत सरकलेली. बटण त्यांच्या मुठीत होतं आणि अंगठा त्याच्यावर होता. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या पलंगाच्या कडेकडे बघत होत्या.

मीही तिकडे पाहिलं. कडेला गादी दबलेली होती. माणूस पाय सोडून बसलं की जेवढी दबते तेवढी. मी दारात उभी असतानाच तो खड्डा सावकाश वर आला आणि चादर परत सपाट झाली.

मी मावशींना हाका मारल्या. त्या धावत आल्या. त्यांनी या टोकाच्या दोन खोल्या सोडून सगळ्या पाहिल्या होत्या. एकीत मी होते आणि दुसरी रिकामी होती.

ॲम्ब्युलन्सबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

सगळं निवळल्यावर मी आत्याच्या पलंगाशी उभी राहिले. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

"तुला माहीत होतं का, आत त्या आहेत?"

"तिच्या चपला ओळखते मी," आत्या म्हणाली. "चहा सांगितलास का?"

६

ताई वाचल्या. बोलणं गेलं, दोन्ही बाजूंचे हातपाय गेले, समज मात्र पूर्ण राहिली. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं. त्यांना जवळचं कुणी नव्हतं. विश्वस्तांनी सभा घेतली, ताईंच्या सेवेबद्दल गौरवाचे चार शब्द बोलले आणि त्यांना कायमची, विनामूल्य, एक खोली दिली. रिकामी होती तीच.

मला कंपनीतून निरोप आला, तो असा: बेल थांबत नाही, ताबडतोब जा.

मी दुपारी पोचले. जिना चढतानाच ती ऐकू येत होती. मावशींच्या हातात आता कारभार आला होता आणि चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"आठ दिवस झाले," त्या म्हणाल्या. "जेवणं झाली की सुरू होते ती चहापर्यंत. आम्ही जातो, बघतो, काही नसतं. पाणी नको, कूस नको. बाहेर पडलो की पुन्हा. बाकीच्यांची बेल वाजली तरी या गोंगाटात कळत नाही. काल सात नंबरचे आजोबा न्हाणीत पडून होते. त्यांनी कितीदा दाबली असेल, देव जाणे."

"ताईंना दाबता तरी येतं का?"

"डोळे सोडून काही हलत नाही हो त्यांचं."

मी नेहमीच्या वाटेने गेले. बिघाड थोरल्यात असेल म्हणून त्याला बंद केलं. एक श्वास शांतता, मग धाकट्याने काम उचललं आणि बेल पहिल्यासारखी. धाकट्याला बंद करून थोरल्याला आणलं. तेच. दोघांचं एकच म्हणणं होतं: शेवटच्या खोलीतलं बटण दाबलं जातंय.

मग मी खोलीत गेले.

ताई उताण्या होत्या. केस कुणीतरी कसेबसे विंचरलेले. उजवा हात चादरीवर, तळव्यात बटण ठेवलेलं, अंगठा त्याच्यावर टेकलेला. दारावरचा दिवा मी परत बसवला होता, तो लुकलुकत होता. मी खाली वाकून अंगठ्याकडे पाहत राहिले. अंगठा हलत नव्हता. त्याचं नख मात्र पांढरं पडत होतं, मग गुलाबी होत होतं, मग पांढरं. आपल्या नखावर दुसऱ्या कुणी अंगठा दाबला की होतं तसं. प्रत्येक पांढऱ्याला एक टक्.

मी बटण काढून घेतलं. वायर भिंतीतून उपटली आणि गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली.

नख पांढरं झालं. पॅसेजच्या त्या टोकाला बेल वाजली.

मी ताईंकडे पाहिलं. त्या पलंगाच्या कडेकडे बघत होत्या. मग त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते वाचायला मला समज कमी पडली नाही. त्यांना कळलं होतं, की आता मावशी मला काय विचारणार. आपण स्वतः काय केलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

गादीची कडा दबलेली होती. या वेळी ती वर आली नाही.

७

मावशी पॅसेजमध्ये उभ्या होत्या. "दुपारपुरतं करा ना बंद," त्या म्हणाल्या. "दोघांना मेंटेनन्सला टाका. आम्ही पायी फिरू. खोटं नाही सांगत, प्रत्येक दार उघडून बघू. सात नंबर, नऊ नंबर, सगळे."

"ही खोलीसुद्धा?"

त्यांनी माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं. "त्यांना काय होतंय? पडूनच असतात."

मी खाली गेले. चादरींच्या खोलीशेजारी, त्या फडताळात, दोन्ही सर्व्हरचे पंखे घुमत होते. मी आजोबांचा विचार केला. न्हाणीच्या गार फरशीवर पडलेल्या माणसाचा विचार केला की कुठलंही बटण दाबता येतं. मग मी ताईंच्या त्या चष्मा पुसण्याचाही विचार केला, आणि बाहेरच्या रांगेचा. कुठला विचार पुढे होता हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. थोरल्याला सांगितलं, धाकट्याला सांगितलं. कुणी कुणाची जागा घ्यायची नाही. ओरडायचं नाही. रोज त्याच वेळी आपोआप व्हावं, असंही मी लावून दिलं, मावशींना माझ्यावर अवलंबून राहायला नको म्हणून.

वर आले तेव्हा इमारत शांत झाली होती. लोकांनी दारं लोटून घेतली होती. मावशी खुर्चीवर बसल्या होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मला बघून उठायला लागल्या. मी हातानेच नको म्हटलं.

आत्याच्या खोलीत गेले आणि तिचे कपडे कपाटातून काढायला लागले.

"काय चाललंय?"

"तू माझ्याकडे चल. गाडी खाली आहे. बाहेरची खोली मोकळी केली आहे, बाई ठेवू दिवसाची. आत्या, मी तुला आता इथे एक दिवससुद्धा ठेवणार नाही."

"ते परत ठेव."

"आत्या."

"ठेव म्हणते ना." तिने हात पुढे केला. मी तिचं लुगडं तिच्या हातात दिलं. तिने ते पोटावर ठेवून त्याची घडी नीट केली. "आम्ही बोलत नव्हतो, शिवणबाई गेली तेव्हा. तुला ठाऊक नाही ते. पॅसेजच्या खिडकीवरून भांडण. तिला बंद हवी, मला उघडी. महिनाभर एक शब्द नाही." घडी तिने उलगडली आणि पुन्हा घातली. "त्या दुपारी पहिल्यांदा टक् ऐकलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, बस आता दाबत, कुणी येत नाही. पुष्कळ वेळ बरं वाटत होतं. मग कळलं."

भिंतीपलीकडे सुरू झालं होतं. बटण माझ्या पिशवीत होतं, पिशवी माझ्या खांद्याला. तरी पलीकडे ते सावकाश, एका लयीत, घाई नसलेलं वाजत होतं. मध्येच दुसरा एक आवाज यायचा, घशातून, शब्द न झालेला.

आत्याने लुगडं बाजूला ठेवलं. तिचा चेहरा इतका निवांत मी खुबा मोडल्यापासून पाहिला नव्हता.

"कुठे जाऊ मी?" ती म्हणाली. "जा तू. आणि जायच्या आधी हा पलंग तेवढा सरकव. भिंतीला टेकव."

"कशाला?"

"कमी ऐकू येतं हल्ली."

ती वाट बघत होती. मग मी पायाने चाकांचे ब्रेक सोडले आणि पलंग भिंतीला टेकवला.